जाणकारांनो, ग्रुपवर गप्प बसू नका

जुलै-ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाच्या फोनवर दिवसातून कैक वेळा दोन आकडे येतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती. सांगलीला ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. कोल्हापूरला ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हे इकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण या आकड्यांचं मोल वाढतं ते त्यांच्याखाली लोक जे लिहितात त्यानं. "एवढ्याला आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी लागतं, गाड्या आत्ताच वरच्या रस्त्याला लावा." "आधी पुढून येत नाही, मागच्या गटारीतून उलटं येतं, तिथं पोती टाका." "मेन स्विच बंद करूनच बाहेर पडा." पाटबंधारे खात्याच्या पत्रकात यातलं काही नसतं आणि असणारही नाही. कोणत्या फुटाला कोणती पायरी बुडते हे त्या पायरीवर राहणाऱ्यालाच माहीत.

अशा जाता जाता दिलेल्या माहितीला हल्ली कुणी मान देत नाही. 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' म्हणून हसायचं आणि मोकळं व्हायचं, अशी पद्धत पडली आहे. ग्रुपवर खोटंनाटं भरपूर फिरतं आणि त्याचे परिणाम भयंकर होतात, हे मी नाकारत नाही. पण या हसण्यानं नुकसान भलत्याच माणसांचं झालं. बेधडक पुढे ढकलणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. बहुतेक वेळा आपण काय ढकललं हे त्यानं वाचलेलंही नसतं. गप्प झाले ते जाणकार. लाइनमन, नर्स, निवृत्त तलाठी, सगळा जन्म चुलीपुढे काढलेली आजी, स्वतःच्या रानात वीस प्रकारचे प्रयोग केलेला शेतकरी. या सगळ्यांना वाटू लागलं की आपण कशाला शहाणपणा करा. त्यांनी सोडलेली जागा मग भलत्याच मजकुरानं भरली. ग्रुपवर जे चुकीचं चालतं, त्याचं मोठं कारण मला हे मौन वाटतं, आणि ते मोडायला हवं असं माझं ठाम मत आहे.

पुराचंच उदाहरण पुढे नेते. कोयनेचा विसर्ग वाढवला की '५० हजार क्युसेक सोडले' असा मजकूर येतो आणि घराघरांत धांदल उडते. ५० हजार म्हणजे किती, हे फारच थोड्यांना कळतं. आकडा मोठा म्हणून भीती मोठी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेक पाणी पूर्ण चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. म्हणजे ५० हजारांचा विसर्ग दिवसभर चालला तर सव्वाचार टीएमसीच्या आसपास पाणी खाली येणार, आणि कोयनेची क्षमता आहे १०५ टीएमसी. ते पाणी आधी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं, मग आपल्याकडे निघतं. दारात यायला त्याला वेळ लागतो. सांगलीखाली हरिपूरला वारणा मिळते. ती फुगलेली असली तर सांगलीचं पाणी उतरायला उशीर होतो. खात्यात नोकरी केलेला कुणीही हे चार ओळींत सांगू शकतो. २०१९ ला आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा पूर आला. ज्या गल्लीच्या ग्रुपवर असं सांगणारं माणूस होतं तिथले लोक वेळेवर हलले, हे मी दोन्ही वेळा पाहिलं. जिथं नव्हतं तिथं मागच्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरत होते आणि अर्धी रात्र ते खरे की खोटे यातच गेली.

मौनाची किंमत याहून फार मोठीही असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं पाच माणसांना जमावानं ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनाफोनी पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, खूप हातांतून फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असा नियम केला. या मर्यादांनी वेग कमी झाला असेल, चांगलंच झालं. पण डवरी गोसावी कोण, ते गावोगाव का फिरतात, हे महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भिक्षेकऱ्यांना दारात पसाभर दाणे घालणाऱ्या म्हाताऱ्या गावोगाव आहेत. त्या अफवेच्या पाठोपाठ हे साधं ज्ञान तितक्याच वेगानं का फिरलं नाही, हा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या नियमानं सुटत नाही. तो आपल्याला सोडवायचा आहे.

आता अगदी घरातलं एक उदाहरण घेते, कारण अर्धवट माहिती कशी दिसते हे त्यात स्पष्ट कळतं. गॅसच्या सिलिंडरचा फोटो आणि खाली लाल अक्षरात 'एक्सपायरी डेट तपासा, नाहीतर स्फोट' असा मजकूर तुम्हीही पाहिला असेल. सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूनं एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. डी-२७ असेल तर २०२७ ची शेवटची तिमाही. इथवर तो मजकूर बरोबर आहे. पण ही तारीख आहे सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची. नव्या सिलिंडरची पहिली चाचणी दहा वर्षांनी होते, नंतर दर पाच वर्षांनी. तोवर सिलिंडर पुन्हा पुन्हा भरला जातो. तारीख उलटलेला सिलिंडर दारात आला तर तो परत करून दुसरा मागायचा हे योग्यच. मात्र तारीख उलटली म्हणून त्या रात्री तो फुटणार, असं काही नसतं.

स्फोटाच्या भीतीनं भरलेल्या त्या मजकुरात कामाची गोष्ट मात्र एकही नसते. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दारं-खिडक्या उघडायच्या आणि विजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन लावायचा. गॅसगळतीसाठी हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची. गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं, काडी पेटवून कधीही नाही. शिवाय वरच्या उभ्या पट्ट्यांवरच रिकाम्या सिलिंडरचं वजनही लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन निघतं आणि ते दारात काट्यावर तपासून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. सिलिंडर पोचवणाऱ्या प्रत्येक दादाला हे ठाऊक असतं. त्यांच्यातल्या एकानं जरी आपल्या वाडीच्या ग्रुपवर हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तरी त्या लाल अक्षरांच्या फोटोची गरज उरणार नाही.

स्वतःच्या शब्दांत, यावर माझा भर आहे. फिरत आलेल्या मजकुराला धनी नसतो. तो कुणी लिहिला, कुठल्या गावी, कुठल्या साली, काही कळत नाही; प्रश्न विचारायचा तर कुणाला विचारणार? "मी केलंय, आमच्याकडे असं झालं," असं म्हणणाऱ्याला उलट विचारता येतं. आणि हे आपल्याला जमतं, याचा पुरावा फार जुना नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन यांसाठी लोक रात्र रात्र फोन करत होते. सुरुवातीला कालबाह्य झालेले नंबर फिरत राहिले, उचलणारं कुणी नसायचं. मग लोकांनी आपण होऊन एक शिस्त लावून घेतली: स्वतः फोन करून पाहायचा आणि मजकुराखाली लिहायचं, 'व्हेरिफाइड, दुपारी ४.१०'. बेड गेला की त्याच मजकुराखाली 'आता नाही'. कुणी सांगितलं नव्हतं, शासनाचा आदेश नव्हता. कॉलेजातल्या पोरापोरींनी ते सुरू केलं आणि त्यावर माणसं दवाखान्यापर्यंत पोचली. लाट ओसरली तशी ती सवयही गेली, याची मला आजही खंत वाटते. पुराची पातळी, रस्ता बंद, एसटी सुटली की नाही, रेशनचं धान्य आलं की नाही, यांतल्या प्रत्येक गोष्टीला तीच वेळेची नोंद हवी.

वेळेइतकीच जागाही महत्त्वाची. स्वयंपाकाच्या ग्रुपवर हे रोज दिसतं. कुणीतरी विचारतं, "कुकरला पाच शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ शिजत नाही, काय करू?" लगेच दहा उत्तरं येतात. पाणी वाढवा, तेलाचा थेंब घाला, हळद आधी घाला, दुसऱ्या कंपनीची डाळ आणा. मग लातूरकडची एखादी मावशी विचारते, "ताई, पाणी बोअरचं आहे का गं? आणि चिंच, टोमॅटो आधीच घालतेस का?" या दोन प्रश्नांत सगळं उत्तर आहे. जड पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, त्यानं डाळीची पेशी घट्ट धरली जाते आणि ती मऊ होत नाही. आंबटानंही तेच होतं. म्हणून पिण्याचं, फिल्टरचं पाणी वापरायचं, डाळ आधी भिजवायची आणि चिंच-आमसूल शिजल्यावर घालायचं. चिमूटभर सोड्यानं शिजते खरी, पण डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व त्यात जातं. धरणाचं मऊ पाणी नळाला येणाऱ्या गावात ही अडचण फारशी येतच नाही, म्हणून तिथल्या बायकांची उत्तरं खोटी नसूनही निरुपयोगी ठरतात. मावशीला जास्त कळतं ते यासाठी, की तिनं सांगण्याआधी विचारलं.

शेतीच्या ग्रुपवर हे न विचारणं जिवावर बेततं. फवारणीला कुठली दोन-तीन औषधं एकत्र करायची याचे सल्ले सर्रास दिले जातात, पीक कुठलं, जमीन कुठली, वारा कसा, काही न विचारता. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. मिश्रणं, डोक्याइतकी वाढलेली कपाशी, अंगावर संरक्षण नाही, अशी अनेक कारणं त्यात होती. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. एवढी एक गोष्ट सल्ल्यासोबत सांगितली, तरी फवारणाऱ्या गड्याला हातात काय धरलंय ते कळेल. डब्यावरची बारीक अक्षरं त्याला वाचता येतीलच असं नाही, रंग कळतो.

दवाखान्याच्या बाबतीत जाणकारांचा संकोच मला समजतो. रोगी न पाहता डॉक्टरनं ग्रुपवर औषधाचं नाव आणि डोस लिहू नये, हे अगदी बरोबर आहे. नर्सलाही भीती असते की उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. पण दवाखान्यात पोचेपर्यंतच्या अर्ध्या तासात काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे सांगायला कुठलीच आडकाठी नाही. त्या अर्ध्या तासावर आज भलत्यांचं राज्य आहे. लकवा आला तर सुईनं दहाही बोटं टोचून रक्त काढा, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यात जाणारा एकेक मिनिट मेंदूचा असतो. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवायची आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न 'कधीपासून?' असा विचारतात. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद लावणं असंच. तिथं हवं ते वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, बर्फसुद्धा नाही.

सापाचं तर पावसाळ्यात प्रत्येक गावाला ठाऊक असायला हवं. आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांनी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा चावा बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे समजतात रात्रीचं जेवण बाधलं. हे ज्या आशाताईला ठाऊक आहे तिनं ते जूनमध्येच गावाच्या ग्रुपवर लिहावं: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन. साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नसते, कारण आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालतं.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: ही कामं यंत्रणांची, लोकांनी एकमेकांना शिकवायची कशाला? यंत्रणांनी करावंच. पण सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हे कितीजणांना जाहिरातीतून कळलं आणि कितीजणांना शेजाऱ्याकडून? पैसे खात्यातून गेल्यावर पहिल्या तासात १९३० ला कळवलं तर ती रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची आशा असते. कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणारी 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. निवृत्तीचे पैसे बाळगून एकट्या राहणाऱ्या काका-काकूंना हे सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं तर ते ऐकतात. पत्रकावर विश्वास बसायला वेळ लागतो, ओळखीच्या माणसावर तो आधीच असतो. म्हणूनच ओळखीच्या माणसानं गप्प राहणं मला जास्त लागतं.

उरला कुटुंबाच्या ग्रुपवरचा संकोच, आणि तो खरा आहे. मामांनी टाकलेलं चूक आहे हे भाचीला दिसतं, पण चाळीस जणांसमोर मामांना कसं बोलणार? बोलूही नये. मामांना वेगळा मेसेज करावा, किंवा फोनच करावा: "मामा, ते सुईचं तुम्ही टाकलंत ना, मी वॉर्डात विचारलं, त्यानं उलट वेळ जातो म्हणे. तुम्हीच लिहा ना तसं, तुमचं सगळे ऐकतात." मामा लिहितात. अनेक घरांत मी हे घडताना पाहिलं आहे. दुरुस्ती त्याच ग्रुपवर, त्याच मजकुराखाली आणि मामांच्याच नावानं येते, तेव्हा ती मूळ मजकूर वाचलेल्या सगळ्यांपर्यंत पोचते. ग्रुप सोडून जाणारी शहाणी माणसं मात्र स्वतःपुरती सुटका करून घेतात आणि मामांना त्या मजकुरांच्या हवाली करून जातात.

शासनाकडे एक साधी मागणी आहे. धरणांचा विसर्ग, नदीची पातळी, वीज कधी येणार, लसीकरण कोणत्या दिवशी, हे सगळं आज बहुतेक वेळा सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून पाठवलं जातं. फोटोतली अक्षरं शोधता येत नाहीत, डोळे अधू झालेल्या माणसाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही, आणि महिन्याभरानं तोच फोटो पुन्हा फिरला तर वरची तारीख कुणी बघत नाही. तहसील कार्यालय, महावितरण आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी साध्या मराठीत, टाइप केलेल्या चार ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, शेवटच्या ओळीत ही माहिती कधीपर्यंत धरायची ते आणि कार्यालयात फोन कुणाला करायचा ते. लोक त्या ओळी पुढे पाठवणारच आहेत, तर पाठवण्याजोग्या लिहाव्यात. येत्या पावसाळ्याआधी एका तालुक्यानं जरी हे करून दाखवलं, तरी बाकीच्यांना सबब उरणार नाही.